ताडकळसच्या अंगणात जड झालेली किक

ताडकळसहून आल्यापासून आमच्या कापसाच्या जिनातले लोक मला एकच गोष्ट विचारतात, "फटफटीनं वाटेत दगा दिला का?" मी "दिला एकदा" म्हणतो आणि कोठीच्या किल्ल्या शोधू लागतो. खरं म्हणजे फटफटीनं दगा दिलाच नाही. पण ते सांगायला गेलं की सगळंच सांगावं लागतं, आणि चार माणसांत तोंडी सांगण्यापेक्षा मला ते लिहून टाकणं सोपं वाटतं. शिवाय परभणीच्या पलीकडचा तो मुलूख इकडच्या पुष्कळांनी पाहिलेला नाही. पौषात तिकडे निघणाऱ्याला यातलं थोडंफार उपयोगी पडेल. बाकीचं माझ्यापुरतं आहे.

मी जालन्याच्या एका कापसाच्या जिनात कोठी सांभाळतो. पट्टे, बोल्ट, तेलाचे डबे, कशात काय आहे आणि किती उरलं आहे हे सांगणं हेच माझं काम. फटफटी आमच्या जुन्या गोऱ्या इंजिनिअरची. तो विलायतेला परत गेला तेव्हा ती मोडक्या अवस्थेत माझ्याकडे आली. मी तिचा एकेक भाग सोडवून, पुसून, पुन्हा बसवला. तिच्या डाव्या अंगाला साइडकार आहे, गादीची, आणि खाली स्प्रिंगा आहेत.

माझी मुलगी कौसल्या ताडकळसला शेतकरी घरात दिली आहे. तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. बायको म्हणाली, "आगगाडीनं जा, आगगाडीनं आणा." मी म्हणालो, ताडकळस ते परभणी स्टेशन हा बैलगाडीचा रस्ता आहे, पोटुशी पोर त्यात खिळखिळी होईल. त्यापेक्षा साइडकार बरी. हळूहळू, मुक्काम करत आणू. हे कारण खरं होतं. दुसरं कारण मी बायकोला सांगितलं नाही. लग्नाच्या मांडवात मी मुलीचा बाप म्हणून हात जोडून उभा होतो. आता व्याह्यांच्या दारात मला फटफटीवरून उतरायचं होतं.

देवगाव फाटा

सामान साइडकारमध्ये असं लावलं: तळाला हत्यारांची पेटी, तिच्यावर पेट्रोलचा डबा, बाजूला इंजिनाच्या तेलाचा डबा, वर कौसाच्या आईनं दिलेले डिंकाचे लाडू आणि हिरवं लुगडं, सगळ्यात वर माझी शिदोरी. शिदोरीचं कारण पुढे येईल.

रस्ता मुरमाचा, दोन्हीकडे बाभळी. शाळू कणसावर आला होता, कापसाची शेवटची वेचणी चालू होती. देवगाव फाट्यावर मोटारीच्या थांब्यापाशी लिंबाखाली चहा घेतला आणि निघताना किक मारली, तर किक लोण्यातून जावी तशी खाली गेली. इंजिन हललंच नाही. पुन्हा मारली, तेच.

थांब्यावर सरकारी पोलिसातला एक जवान उभा होता. तो मिशीवर हात फिरवत जवळ आला. "क्या हुआ जी, घोडा बैठ गया क्या?"

"लात मारा तो लात खाली जारी," मी म्हणालो. "घोडा हिलता नै."

"तो लात बदलो मियां! हमारे थाने के अमीनसाब की लात बुलाऊं क्या?"

थांब्यावरचे सगळे हसले. मीही हसलो, कारण मला दुखणं कळलं होतं.

ज्याच्याकडे असं यंत्र असेल त्यानं एवढं ध्यानात ठेवावं. सुरू न होण्याची पुष्कळ कारणं असतात, पण इंजिन फिरतच नाही किंवा हळू फिरतं, याचे मुख्य प्रकार दोनच. एक, किक हलकी जाते आणि इंजिन फिरत नाही. म्हणजे पायाचा जोर इंजिनापर्यंत पोचतच नाही, वाटेत क्लच घसरतो. दुसरा, किक जड जाते आणि इंजिन आळसटल्यासारखं फिरतं. म्हणजे जोर पोचतो, पण आत काहीतरी धरून ठेवलेलं असतं. पहिलं दुखणं बाहेरचं, दुसरं पोटातलं.

माझं पहिलं होतं. निघायच्या आधी सगळं टापटीप असावं म्हणून मी क्लचची तार ताणून बसवली होती, जराही सैल ठेवली नव्हती. इंजिन तापलं, आतली दांडी वाढली आणि क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहिला. तार थोडी सैल केली, दुसऱ्या लाथेला इंजिन बोललं.

जवान म्हणाला, "हकीम है क्या तुम?"

"कोठीवाला हूं," मी म्हणालो आणि निघालो. पुढे दुधनेच्या पुलापर्यंत मी स्वतःशी गुणगुणत होतो.

पेडगाव

पेडगावला आमच्या जिनात कापूस घालणाऱ्या एका शेतकऱ्याकडे मुक्काम केला. आमच्याकडे पाहुणा आला की हल्ली आधी चहा टाकतात. इथे अजून गूळ आणि पाणी पुढे येतं, आणि चहा मागितला तर घरात कोण आजारी आहे असं विचारतात. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि लसणाचा असा ठेचा की डोळे पुसत जेवलो.

अंगणात फटफटीभोवती अर्धा गाव जमला होता.

"ह्याला कडबा लागत न्हाई म्हनं?"

"नाही."

"मग रातच्याला खातंय काय?"

"काही नाही. नुसतं उभं राहतं."

"उपाशी?" घरातल्या म्हातारीनं विचारलं. तिला ते पटलं नाही. थोड्या वेळानं पाहतो तर तिनं पुढच्या चाकासमोर कडब्याची पेंडी सोडून ठेवली होती. मी पोट धरून हसलो. ती म्हणाली, "हसा बाबा. खाईल न्हाई तर ऱ्हाईल. दारात आलेल्याला इचारायचं तर आपुन."

ही गोष्ट मी दुसऱ्या दिवशी ताडकळसला व्याह्यांना मोठ्या चवीनं सांगितली. तेही हसले. विहीणबाई मात्र म्हणाल्या, "म्हातारीचं काय चुकलं त्यात?" मी त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही.

ताडकळस

परभणीत फक्त पेट्रोलपुरता थांबलो. पेठेतल्या उर्दू पाट्या, कापसाच्या गाड्यांची रांग आणि धूळ एवढंच आठवतं. तिथून पुढे रस्ता काळ्या मातीचा. वाळलेल्या चाकोऱ्यांत फटफटीचं एक चाक आणि साइडकारचं दुसरं कधी एका पातळीवर येत नाही. तरी दुपारी ताडकळसला पोचलो. आठवडी बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, वैरण, घोंगड्या, आणि मधून मी, शिंग वाजवत. बाजार दुभंगला. मला बाजारातून जायची गरज नव्हती, गावाबाहेरून वाट होती. तेवढं इथे कबूल करतो.

व्याही माणिकराव दारात उभे होते. उंच, कमी बोलणारे. विहीणबाई पारूबाई ठेंगण्या आणि भरपूर बोलणाऱ्या. जावई कापूस घेऊन परभणीला गेले होते, दोन-चार दिवस येणार नव्हते. आणि त्या दोघांच्या मागे कौसा, पदर पुढे घेतलेली, पोट थोडं दिसू लागलेलं.

"नाना, लय धूळ खाल्ली की तुमी," ती म्हणाली. आमच्या घरात असताना ती असं बोलत नसे. नंतर बोलताना दोनदा "आमच्यात असं करत्यात" म्हणाली, आणि तिचं 'आमच्यात' म्हणजे ताडकळस होतं. मला जरा टोचलं.

शिदोरीचं कारण आता सांगतो. आमच्यात मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं अन्न खायचं नसतं. मी ओसरीवर माझी शिदोरी सोडली तेव्हा पारूबाईंनी कपाळावर हात मारला.

"पाव्हणं, आमच्या भाकरीला काय काटे हायेत का?"

"रीत आहे, विहीणबाई."

"रीत तुमची, अन् गावात नाव आमचं निघतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव म्हणाले, "चला, शेत दावतो." शेतात आगटी पेटलेली होती. शाळूची कणसं भाजून, हातावर चोळून गरम हुरडा समोर ठेवला, बरोबर तिळाची चटणी आणि गुळाचा खडा.

"हे तुमच्या घरचंच," मी म्हणालो.

"घर कुठाय?" ते चौफेर बघत म्हणाले. "चूल न्हाई, उंबरा न्हाई. खावा गुमान."

मी पोटभर खाल्ला. त्या माणसाचा मला तिथे फार चांगला सहवास घडला. त्यांनी एकदाच विचारलं, "आगगाडी हाय की. पोरीला त्या पाळण्यात काहून बशिवता?" साइडकारला गावानं पाळणा म्हणायला सुरुवात केली होती. मी त्यांना स्प्रिंगांचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं. तुमची लेक हाय. ते सुरू हुईल ना बरोबर?"

"एका लाथेत," मी म्हणालो.

त्याच्या आदल्या संध्याकाळी, मी यंत्र पुसत असताना, कौसा शेजारी येऊन उभी राहिली होती. लहानपणी अशीच उभी राहायची. हे काय, ते काय विचारत होती. "अन् वंगण कुठं देत्यात ह्याला?" मी सीटखालच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडून दाखवलं. म्हणालो, "इथं घातलं की सगळीकडं आपोआप पोचतं. चाकाचाकाला चोळत बसावं लागत नाही." तिनं मान डोलावली. मला फार बरं वाटलं होतं.

निघायची सकाळ

तिसऱ्या दिवशी ऊन अंगणात उतरल्यावर निघायचं ठरलं. पोटुशी सून माहेरी निघते म्हणून गल्लीतल्या बायका जमल्या. कौसा हिरवं लुगडं नेसली होती. तिची ओटी भरली, तिला साइडकारपाशी आणलं. पुरुष भिंतीला टेकून उभे होते. फटफटी कशी उठते ते सगळ्यांनाच पाहायचं होतं.

मी किक मारली. किक अर्ध्यात थांबली. पूर्ण वजन टाकलं, तेव्हा ती दाट पिठल्यातून पळी जावी तशी हळूहळू खाली गेली. इंजिनानं एक जांभई दिली आणि गप्प झालं.

पुन्हा. पुन्हा तेच.

"निजलंय ते," कुणीतरी म्हणालं.

"थंडी लागली आसंल, गोधडी टाका वर."

"पाव्हणं, बैल जुपू का म्होरं? आमचा ढवळ्या मोकळाच हाय."

बायकाही पदराआड हसत होत्या. माणिकराव हसले नाहीत. ते फक्त कौसाकडे बघत होते, आणि साइडकारकडे. मी तिथे ओळखायला हवं होतं की त्यांच्या मनात एकच प्रश्न आहे: ही पोर यात बसवून धाडायची की नाही. पण मला ते हसणंच ऐकू येत होतं.

मी क्रमानं गेलो, तेवढं मला येतं. जड किक, म्हणजे दुखणं पोटातलं. आधी क्लच दाबून धरला आणि किक मारली. हलकी गेली. म्हणजे किकचे दाते, गिअरची पेटी, सगळं ठीक, जडपणा इंजिनातच. मग झडप उचलायचा खटका ओढून मारली. तरी जड. मग प्लग काढला. प्लग काढल्यावर इंजिनात हवा कोंडत नाही, ते भिंगरीसारखं फिरायला पाहिजे. ते फिरलं तसंच, पिठल्यातून. आता दोनच गोष्टी उरल्या. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आत धरला असेल, किंवा तेल दाटलं असेल. थंडीनं तेल दाटतं हे खरं, पण पेडगावला याहून जास्त थंडी होती आणि तिथे काही झालं नव्हतं. टाकीचं झाकण उघडलं. तोंडाच्या आतल्या काठावरून बोट फिरवलं. बोटावर जे आलं ते माझं तेल नव्हतं. पिवळसर, चिकट, तारेसारखं लोंबणारं. वास घेतला.

एरंडेल.

माझ्या यंत्राचा तेलाचा पंप झिजलेला आहे. उभं राहिलं की टाकीतलं तेल झिरपत इंजिनाच्या पोटात उतरतं. एरंडेल जड, ते माझ्या तेलात मिसळत नाही, तळाशी बसतं, आणि आधी तेच उतरतं. दिवसभराच्या उन्हात ते खाली गेलं, आणि रात्रीच्या गारठ्यात आत थिजून बसलं. निदान अचूक होतं. इथेच थांबलो असतो तर किती बरं झालं असतं.

मी उभा राहिलो आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं, "यात एरंडेल कुणी ओतलं?"

हसणं थांबलं.

"कुणी ओतलं म्हणतो मी! कुणाच्या हाताला खाज सुटली होती?"

पारूबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "म्या वतलं. आमच्यात जानाऱ्याच्या गाडीला वंगण देत्यात. भरल्या पोटाची बाई निघाली अन् चाक करकरलं तर गाडी रडत गेली म्हनत्यात. म्हनून दिलं. चुकलं आसंल तर—"

मी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. मी जे बोललो ते इथे जसंच्या तसं लिहितो. "विहीणबाई, ही तुमची खटारा गाडी नव्हे. तेल कुठं घालावं एवढीही अक्कल ज्या घरात नाही, तिथं मी पोर दिली, ही माझीच चूक."

तीस वर्षं हाताखालच्या माणसांवर याच आवाजात बोलत आलो आहे. पण ते जिन असतं. इथे मी मुलीच्या सासरच्या अंगणात, तिच्या सासूला, तिच्या सगळ्या गल्लीसमोर बोललो होतो.

जो ढवळ्या जुंपायला निघाला होता तो खाली मातीकडे बघत होता. माणिकराव वळले आणि घरात गेले. मला वाटलं संपलं, आता दार लावून घेतील. ते हातात रॉकेलची बाटली आणि एक घमेलं घेऊन बाहेर आले, माझ्यापाशी ठेवलं, आणि म्हणाले, "लागंल तुमास्नी."

आणि मग कौसा बोलली. "नाना, आत्याबाईंनी न्हाई वतलं. म्या वतलं."

"गप बस गं," पारूबाई म्हणाल्या. "काय बी बोलायलीय."

"म्या वतलं. तुमी शेतात गेल्ते तवा. तुमीच झाकन दावलं व्हतं. म्हनलं नानांची गाडी हाय, आपल्या हातानं द्यावं." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आत्याबाईंनी निस्तं तेल काढून दिलं. माज्या बाळंतपनाला घरी काढलेलं."

मी पाना उचलला. दुसरं काय करणार होतो? इंजिनाच्या पोटाखालचा बोल्ट सोडला. एरंडेल घमेल्यात उतरू लागलं, दाट, सोनेरी, स्वच्छ, उन्हात चमकणारं. त्यात मातीचा एक कण नव्हता. ते गाळून घेतलेलं होतं. खरं सांगायचं तर एरंडेलानं इंजिनाचं काही बिघडत नाही. आमच्या जिनातला तो गोरा इंजिनिअर सांगायचा की शर्यतीच्या यंत्रांत मुद्दाम तेच घालतात. ते फक्त थंडीत दाटतं, आणि एकदा एक तेल घातलं की त्यात दुसरं मिसळू नये, इतकंच. हे मला ठाऊक होतं. ओरडण्याच्या आधीही ठाऊक होतं.

रॉकेलनं पोट धुतलं, टाकी रिकामी केली, माझ्या डब्यातलं तेल भरलं. आता कुणी चेष्टा करत नव्हतं. मघाशी त्या चेष्टेनं माझं डोकं फिरलं होतं, आणि आता कुणीतरी काहीतरी म्हणावं असं मला वाटत होतं. बायका एकेक करून निघून गेल्या. माणसं राहिली, पण वऱ्हाड उठून गेल्यावर मांडवात राहतात तशी.

प्लग बसवला. किक मारली. हलकी नाही, जड नाही, जशी जायला पाहिजे तशी. इंजिन चालू झालं आणि छान एका लयीत बोलू लागलं. मी मान वर केली. कौसा साइडकारपाशी नव्हती. ती ओसरीवर पारूबाईंच्या शेजारी बसली होती, ओटीतले तांदूळ अजून पदरात.

मी इंजिन चालूच ठेवून ओसरीपाशी गेलो. "विहीणबाई, तोंडातून गेलं. माफ करा."

"आवं, त्यात काय. यंत्राचा राग व्हता तो, आमच्यावर थोडाच व्हता?" त्या म्हणाल्या. इतक्या सहज म्हणाल्या की मला त्यांच्याकडे बघता येईना. माझा राग यंत्रावर नव्हता, हे त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं. "जा गं पोरी, नाना खोळंबलेत."

कौसा म्हणाली, "म्या येत न्हाई."

"अगं, तुझी आई वाट बघतेय," मी म्हणालो.

"ठावं हाय." तिनं पदर सावरला. "नाना, माझ्यापायी त्यांनी बोल खाल्ला. सारी गल्ली ऐकायली व्हती. आता तुमच्या पाळन्यात बसून गेले तर लोक काय म्हनतील? बाप आला, सासूला बोलला, लेक उचलून नेली. तुमी जाल जालन्याला. मला ह्याच गल्लीत पान्याला जायचंय."

"ये पोरी, लोकांचं काय घेऊन बसलीस," पारूबाई म्हणाल्या. "म्या सांगते ना, जा. पयलं बाळंतपन आईच्या घरीच बरं."

"तुमी करताल की माझं बाळंतपन," कौसा त्यांना म्हणाली. मला नाही. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू: "म्या रुसले न्हाई नाना. पर येत न्हाई."

मी माणिकरावांकडे पाहिलं. सासरे म्हणून ते एक शब्द बोलले असते तर ती आली असती. त्यांना तसं करता आलं असतं आणि त्यांच्या मनातही असावं, कारण त्यांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "पोर शहानी हाय. तिला कळतंय." एवढंच.

लाडवांचा डबा मी ओसरीवर ठेवला. पारूबाईंनी तो उचलून कौसाच्या मांडीवर दिला.

परतीची वाट

अंगणातून निघालो. वेशीपाशी वाट डावीकडे वळते. तिकडे वळवलं आणि साइडकारचं चाक जमिनीपासून उचललं गेलं. जाताना तिच्यात भरलेले डबे होते आणि आता हत्यारांची पेटी सोडली तर जवळजवळ काहीच नव्हतं. रिकामी साइडकार डाव्या वळणावर अशी उठते, हे कुठल्याही चालवणाऱ्याला माहीत असतं. माझं त्या वेळी कशातच लक्ष नव्हतं. मागून पोरं ओरडली. मी कसाबसा आवरलो आणि थांबलो.

माणिकराव वेशीपर्यंत चालत आले होते. त्यांनी साइडकारवर हात ठेवून ती दाबून पाहिली. "लय हलकं झालंय. असं उलथाल. थांबा."

ते परत गेले आणि खांद्यावर शाळूचं पोतं घेऊन आले. मी नको म्हणालो. ते काही ऐकायच्या बेतात नव्हते. पोतं गादीवर बसवलं, दोरीनं आवळलं, वरून माझी चादर पांघरली, वारा लागून सुटू नये म्हणून. "सावकाश जावा," म्हणाले. "पोरीची काळजी नका करू."

वाटेतलं लिहिण्यासारखं फारसं नाही. यंत्र एकदाही अडलं नाही. पेडगावला मुक्कामाला शेतकऱ्यानं विचारलं, "लेक मागून येतीय का?" मी "हो, पुढच्या महिन्यात" म्हणालो. ते खोटं होतं, आणि सकाळी त्याच्या घरच्या माणसांचा निरोप घेताना मला ते पुन्हा एकदा बोलावं लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जालन्याला पोचलो. फटफटीचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येतो. मी दारात आलो तेव्हा कौसाची आई आधीच उंबऱ्यावर होती, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, लेकीवरून ओवाळून टाकायला. साइडकारमध्ये चादर पांघरलेलं काहीतरी बसलेलं होतं. ती हसत पुढे आली आणि तिनं चादर बाजूला केली.

खाली शाळूचं पोतं होतं.

"कौसा कुठाय?"

"यंत्र बिघडलं होतं," मी म्हणालो.

इंजिन अजून चालू होतं, एका लयीत, न अडखळता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चांगलं तर चाललंय," ती म्हणाली.

मी इंजिन बंद केलं. मग तिला सगळं सांगावं लागलं.